ताण अंगात उतरलाय: घरच्या मायेने शरीराला खरंच फरक पडतो का, आणि कसा?

केळीपट्टा_यावल (प्रश्न)

घर यावल तालुक्यात, शेती केळीची. जूनच्या वादळात निसवलेली (घड बाहेर आलेली) बाग आडवी झाली. तेव्हापासून आबांची (माझे सासरे, वय ५८) एकेक तक्रार सुरू आहे. दवाखान्यात बीपी १५४/९६ भरलं, उपाशीपोटी साखर ११८. मान आणि खांदे आखडलेले, जेवल्यावर छातीत जळजळ, रात्री तीनला जाग येते ती रोजच. ईसीजी नॉर्मल आहे. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली आणि सांगितलं, टेन्शन घेऊ नका. आबांना काही विचारलं की उत्तर एकच: "काही नही, बरा शे."

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नुकसान झालं बागेचं, काळजी डोक्यात. मग ती बीपीत, साखरेत, पोटात, मानेत कशी पोचते? आणि दुसरं, जवळीक, स्पर्श, माया यांनी ताण उतरतो असं जिथेतिथे वाचायला मिळतं. शरीरात खरंच काही घडतं का? आमच्याकडे मोठ्या माणसाला मिठी मारायची रीत नाही, आणि मी सून, मला तर मर्यादाच. घरात सासूबाई, माझे मिस्टर आणि सहा वर्षांचा मुलगा. कोणी काय करायचं, किती वेळ, ते नेमकं सांगा.

सिस्टर_चोपडा

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरू करते.

मेंदूला धोका जाणवला की शरीरात दोन वाटांनी निरोप जातो. पहिली वाट सेकंदांची. मज्जातंतूंमधून निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यात पोचतो आणि ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. दुसरी वाट मिनिटांची. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो, पिट्युटरी त्याच ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराला, आणि कॉर्टिसॉल तयार होतं. ते यकृताला साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं, म्हणजे पळायला इंधन मिळावं. केळीच्या बागेत बिबट्या समोर आला तर माणूस याच बळावर वाचतो. पण बिबट्या थोड्या वेळात निघून जातो. सोसायटीचं कर्ज आणि व्यापाऱ्याची उचल महिनोन्महिने डोक्यावर असते, त्यामुळे ही यंत्रणा पुरती शांत होतच नाही.

रात्री तीनला जाग येते, त्याचंही उत्तर यातच आहे. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, पहाटेकडे चढत जातं आणि उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर पोचतं. झोप आधीच उथळ असेल तर या चढावर डोळा उघडतो, आणि उघडला की हिशेब सुरू. त्यात आपल्याकडे थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात मोटर सुरू करायला कोण उठतं ते पाहा. आबा उठत असतील तर काही दिवस ते काम तुमच्या मिस्टरांनी घ्यावं. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करा, कारण चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. झोप लागावी म्हणून थोडी दारू घेत असतील तर तीही विचारात घ्या: तिने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या दुसऱ्या भागात मोडते.

छातीतल्या जळजळीचं मात्र सगळं खापर ताणावर फोडू नका. पोटातल्या अल्सरचं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५चं नोबेल त्याच शोधासाठी मिळालं. दुसरं मोठं कारण दुखण्याच्या गोळ्या. मान दुखते म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून उपाशीपोटी घेणारे आपल्या भागात घरोघरी आहेत. या गोळ्या पोटाचं अस्तर खराब करतात, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी करतात. आबांच्या खिशात, उशाखाली, शेतातल्या खोलीत अशी पट्टी आहे का, हे आजच बघा. असेल तर डॉक्टरांना ती पट्टीच दाखवा.

साखर ११८ म्हणजे मधुमेह नव्हे. उपाशीपोटी १०० ते १२५ हा त्याच्या अलीकडचा टप्पा, आणि तो वादळाआधीपासून असू शकतो. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी एकदा करून घ्या, त्यातून मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते.

बीपी घरी मोजा. दवाखान्यातला एक आकडा पुरेसा नसतो, तिथे नुसत्या धास्तीनेही तो वर जातो. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू-चुना नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या उंचीला. मोजताना बोललं तरी आकडा वाढतो, म्हणून शेजारी बसून कोणी गप्पा मारायच्या नाहीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी खरंच जास्त आहे. तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि हे कधीही घरी थांबवून ठेवायचं नाही: छातीत दाब आणि घाम, चालताना जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. अशा वेळी १०८ला फोन. ईसीजी मागे नॉर्मल आला होता म्हणून धीर धरू नका, तो त्या क्षणापुरता असतो.

फिजिओ_धुळे

मान आणि स्पर्श, दोन्हीवर लिहितो.

ताणात माणूस नकळत खांदे कानांकडे उचलून धरतो आणि दात आवळतो. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस स्नायू दिवसभर थोडा थोडा आवळलेला राहतो आणि संध्याकाळपर्यंत दुखायला लागतो. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल १५ मिनिटं ठेवा, कातडीला सहज सोसेल इतकाच गरम. नंतर खांदे मागच्या दिशेने सावकाश गोल, पाच वेळा. मग मान एका बाजूला झुकवून २० सेकंद धरायची, दोन्हीकडे तीन-तीनदा. हे सगळं दिवसातून दोनदा.

केस कापायला गेल्यावर मान कडकड मोडून घेण्याची सवय असेल तर ती आजपासून बंद. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं आणि पक्षाघात होऊ शकतो. बीपी असलेल्या माणसाने तर अजिबात नाही. दुखणं हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असतील, तर नस दबली आहे का हे तपासायला हवं. नुसत्या मालिशवर वेळ घालवू नका.

आता स्पर्श. कातडीत स्पर्शाच्या जलद तारा असतात, त्या सांगतात की काय लागलं आणि कुठे. त्यांच्याशिवाय सी-टॅक्टाइल नावाच्या संथ तारा आहेत. त्या मुख्यतः केसाळ कातडीत असतात: हाताचा कोपराखालचा भाग, दंड, पाठ, डोकं. त्यांना सावकाश, हलका, माणसाच्या अंगाइतका कोमट हात सर्वाधिक भावतो. वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, उत्तम म्हणजे ३च्या आसपास. कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवायला साधारण आठ सेकंद लागले पाहिजेत. आपण सांत्वन करताना भराभर पाठ थोपटतो किंवा जोरात चोळतो. त्या वेगाला या तारा फारशा जाग्या होत नाहीत. थंडगार हाताचंही तेच.

तळहात-तळपायांत या तारा फार थोड्या. तिथे काम करतो तो मध्यम दाब. म्हणून काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची जुनी पद्धत चांगली आहे. एका पायाला एक चमचा खोबरेल किंवा तिळाचं तेल, सात-आठ मिनिटं, टाचेकडून बोटांकडे, दाब एकसारखा. साखर सीमेवर असल्यामुळे आधी पावलांना संवेदना नीट आहे का ते पाहा: डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने बोटांना हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागलं ते विचारा. कळत नसेल तर वाटी नको, गरम पाणीही नको. बोटांच्या बेचक्यात तेल राहू देऊ नका, तिथे बुरशी धरते. आणि तेलकट पायाने लगेच फरशीवर चालू देऊ नका, पुसून घ्या.

तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, तर पाय तुडवायचं काम त्याला द्या. आजोबा पालथे, नातू भिंतीला हात धरून, फक्त मांड्यांवर, पाच मिनिटं. कंबरेच्या मणक्यावर आणि गुडघ्यामागे उभं राहायचं नाही. पाय सुजलेला, गरम किंवा दुखरा असेल तर मुळीच नाही. "आबा, जवळ या" असं कोणाला म्हणावं लागत नाही आणि आजोबांना नाही म्हणवत नाही. आपल्या घरांत मोठ्या माणसाला स्पर्श मिळण्याची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

पशुवैद्यक_शहादा

ऑक्सिटोसिनची ओळख आपल्या भागात बहुतेकांना इंजेक्शनमुळे झाली, म्हशीचं दूध काढायला चोरून वापरतात ते. दुभत्या जनावराला असं टोचणं बेकायदेशीर आहे. पण त्यामागचं विज्ञान शेतकऱ्याला इतर कोणापेक्षा लवकर कळेल, म्हणून लिहितो.

वासरू तोंड लावतं किंवा आपण सड चोळतो, तेव्हा मिनिटभरात मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि जनावर पान्हावतं. त्याच वेळी कुत्रं भुंकलं, कोणी ओरडलं, अनोळखी माणूस धार काढायला बसला, तर ॲड्रेनलिन वाढतं, कासेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण भीती असेतोवर ते खाली येत नाही. नंतर कितीही चारा टाका, ती धार गेली.

माणसातलं ऑक्सिटोसिन आणि म्हशीतलं ऑक्सिटोसिन हा एकच रेणू आहे, नऊ अमिनो आम्लांचा. हेन्री डेल यांनी त्याचा गर्भाशयावरचा परिणाम १९०६मध्ये नोंदवला. विन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. ओळखीच्या माणसाचा हवासा स्पर्श, लेकराला छातीशी धरणं, यात तो माणसातही सुटतो आणि ताणाची यंत्रणा मवाळ करायला मदत करतो. रक्तात तो काही मिनिटंच टिकतो, म्हणून एकदाच भरपूर माया करून उपयोग नाही, रोज थोडी थोडी लागते. आणि कोणी इंटरनेटवर त्याचा नाकात मारायचा फवारा विकत असेल तर घेऊ नका.

जाता जाता: आबा संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेवरून हात फिरवत बसत असतील तर त्यांना आत बोलावू नका. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१९मध्ये विद्यार्थ्यांना दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना गोंजारायला दिलं, तर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल नुसतं पाहत बसलेल्यांपेक्षा कमी भरलं. बैलाला मानेखालच्या पोळीवर (लोंबत्या कातडीवर) सावकाश खाजवलेलं आवडतं, तो मान लांब करून उभा राहतो. खरारा करायचं काम आबांकडेच राहू द्या.

केळीपट्टा_यावल

खूप उपयोगी. मेडिकलची पट्टी खरंच सापडली, डायक्लोफिनॅकच आहे. उद्या डॉक्टरांना दाखवते. दोन अडचणी आहेत. सासूबाई म्हणतात, उभ्या संसारात असं कधी केलं नाही, आता सुना-नातवंडांसमोर लाज वाटते. आणि आबांनी हात झटकला तर काय करायचं?

समुपदेशन_जळगाव

हात झटकला तर थांबायचं. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून आधी लिहिली. नको असलेला स्पर्श शरीराला धोकाच वाटतो आणि वर सिस्टरांनी सांगितलेली यंत्रणा उलट पेटते. त्याच दिवशी पुन्हा प्रयत्न करू नका, तोंडही पाडू नका. दुसऱ्या दिवशी कमी जवळचं काही करा: शेजारी बसणं, ताट वाढून समोर थांबणं, हातात पाण्याचा तांब्या देणं.

यात पुरावा किती आणि कसा आहे तेही सांगते, कारण या विषयावर अतिशयोक्ती फार चालते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेम्स कोन यांनी २००६मध्ये १६ विवाहित स्त्रियांना विजेच्या हलक्या धक्क्याची धास्ती देऊन मेंदूचं स्कॅन केलं. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे भाग शांत राहिले. अनोळखी माणसाचा हात असताना हा परिणाम कमी दिसला. आणि ज्यांचं आपसांत चांगलं होतं त्यांच्यात सर्वांत जास्त शांतता दिसली. कार्नेगी मेलनचे शेल्डन कोहेन यांनी २०१५मध्ये ४०४ प्रौढांना आधी दोन आठवडे रोज विचारलं की आज भांडण झालं का, कोणी मिठी मारली का. नंतर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. ज्यांना आधार आणि मिठ्या जास्त मिळत होत्या, त्यांना भांडणांच्या काळातही संसर्गाचा धोका तितका वाढला नाही. दुसरी बाजू ओहायो स्टेटच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांची. २००५मध्ये त्यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड उठवून जखम भरण्याचा वेग मोजला. एकमेकांशी कडवटपणे बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा बाकीच्यांच्या जेमतेम ६० टक्के वेगाने भरल्या. घरातला कडवटपणा कातडीपर्यंत उतरतो, इतकं यातून स्पष्ट दिसतं.

म्हणून तेलाच्या वाटीआधी घरातला आवाज खाली आणा. जेवताना नुकसानाचा विषय नाही. "गेल्या वर्षीच विकायला सांगत होते" हे वाक्य कोणीही, कधीही उच्चारायचं नाही. सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. "टेन्शन घेऊ नका" म्हणणंही बंद करा. त्याने माणसाला वाटतं की ताण येणं हीसुद्धा आपलीच चूक, आणि तो आणखी आत ओढला जातो. "काय झालं?" या प्रश्नाला आबा "बरा शे" म्हणणारच. त्याऐवजी उत्तर देता येईल असं छोटं विचारा: "रात्री किती वाजता जाग आली?" "आज मान कुठल्या बाजूला जास्त दुखते?" समोरासमोर बसवून विचारू नका. बापलेक मोटरसायकलवर शेतात जाताना किंवा ठिबकच्या नळ्या गोळा करताना बोलणं आपोआप निघतं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. बोलायला लागले की मधे तोडू नका, उपाय सुचवू नका. "आबा, हे ओझं मोठं आहे" इतकं म्हणून ऐकत राहायला सांगा तुमच्या मिस्टरांना.

सासूबाईंची लाज खरी आहे, ती मोडायला जाऊ नका. डोक्याला तेल लावणं त्यांना चालेल का विचारा. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दहा मिनिटं, आबा ओट्यावर खाली बसलेले, त्या मागे पाटावर. फिजिओंनी सांगितलेला संथ वेग धरायचा: कपाळापासून मागे, मग मानेपर्यंत. यात नजरानजर नाही, बोलायची सक्ती नाही, आणि बघणाऱ्याला ते नुसतं तेल लावणंच दिसतं. दोघांना एकांत मिळेल याची जबाबदारी मात्र तुमची, ताई. आपल्या घरांत पन्नाशीनंतर नवरा-बायकोच्या खाटा वेगळ्या होतात, एक अंगणात, एक नातवंडांपाशी. मुलाला तुमच्या खोलीत झोपवा आणि त्या दोघांच्या खाटा शेजारी लागतील असं बघा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २००३मध्ये जोडप्यांना दहा मिनिटं हात हातात धरून बसायला आणि शेवटी २० सेकंद मिठी मारायला सांगितलं. नंतर तणावाचं काम दिल्यावर त्यांचं बीपी एकट्या बसलेल्यांपेक्षा कमी चढलं. सासूबाईंना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. अंधारात शेजारच्या खाटेवरून हात धरला तरी पुष्कळ आहे.

तुमच्या मर्यादेत तुम्हीही बरंच करू शकता. सगळे एका पंगतीत जेवतील अशी वेळ ठरवा. आबांना आवडती कळण्याची भाकरी करा, पण सोबत पापड, लोणचं आणि शेव कमी ठेवा, बीपीला दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. आणि एखाद्या कामात त्यांचा सल्ला मागा, खरोखर लागणाऱ्या: कांदेबाग (केळीची पावसाळ्यानंतरची लागवड) लावायची तर रोपं टिश्यूकल्चरची घ्यायची की कंद, कुठल्या शिवारात लावायची. नुकसान झालेल्या माणसाला आपण आता कोणाच्या कामाचे नाही असं वाटायला लागतं, ते अशा प्रश्नांनी थोपतं.

आता गंभीर भाग, तो नीट वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, भूक गेली, पहाटे जाग येऊन मन सर्वांत जड, "माझ्यामुळे सगळं गेलं" असं वारंवार म्हणणं, ही नैराश्याची लक्षणं आहेत. त्याला औषध आहे, आणि त्या ठिकाणी नुसती माया पुरत नाही. "तुम्ही माझ्याशिवाय बघून घ्याल" असं बोलणं, अचानक सगळ्यांचे हिशेब मिटवणं, वस्तू वाटून टाकणं दिसलं तर सरळ विचारा: "आबा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायची वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही फोन करून विचारलं तरी चालतं. कीटकनाशकाचे डबे आजच घराबाहेर, कुलपात, किल्ली तुमच्या मिस्टरांकडे. लक्षणं असोत नसोत, हे कराच. असा टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्याच वेळात ओसरतो, आणि त्या वेळात हाताशी विष नसणं हाच जीव वाचवणारा फरक ठरतो.

सोसायटी_रावेर

एकच जोडतो. ओझं कागदावर उतरवा. कोणाचे किती, व्याज किती, तारीख कोणती: सोसायटी, बँक, खतवाला, व्यापारी, नातलग. पंचनाम्याची प्रत आणि फळपीक विम्याची पावती त्याच फाइलमध्ये ठेवा. बँकेत पीककर्जाचं पुनर्गठन होईल का, हे तुमच्या मिस्टरांनी जाऊन विचारावं, आबांना त्या रांगेत उभं करू नये. रात्री तीनला जो आकडा डोक्यात फिरतो तो बहुतेक वेळा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

सिस्टर_चोपडा

समुपदेशनवाल्या ताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. आता अपेक्षा किती ठेवायची ते सांगते. रोजची शांतता, तेल, झोप यांनी बीपी काही अंकांनी उतरतं, वीस-तीसने नाही. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करायची नाही, कमी-जास्त डॉक्टर करतील. डायक्लोफिनॅक बंद झाल्यावर एक-दोन आठवड्यांतच फरक दिसू शकतो, तो मायेच्या खात्यावर टाकू नका.

झोपण्याआधी एक गोष्ट वाढवा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, नाकाने, पाच ते दहा मिनिटं. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेचा जोर वाढतो आणि ठोके मंदावतात. आबांना "प्राणायाम करा" म्हटलं तर ते उद्यावर ढकलतील. नातवाला शेजारी बसवून त्याला आकडे मोजायला लावा.

आबा तंबाखू खात असतील तर ती एकदम सुटणार नाही. ताणात तलफ वाढते, आणि घेतल्यावर बरं वाटतं ते मुख्यतः तलफ भागल्यामुळे. त्या वेळी बीपी आणि ठोके उलट वाढलेले असतात. उठल्या उठल्या घेण्याची पहिली पुडी आधी पुढे ढकला, कारण ती पहाटेच्या कॉर्टिसॉलच्या चढावरच पडते. चहा-भाकरी झाल्यावरच घ्यायची, एवढ्यापासून सुरुवात करा.

चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांचं बीपी मोजा, त्याच खुर्चीवर, त्याच दंडावर. सोबत आणखी दोन रकाने आखा, रात्री जाग किती वाजता आली आणि मान किती दुखली (० ते १०). डॉक्टरांकडे जाताना दोन्ही कागद, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या आणि एचबीए१सीचा रिपोर्ट एका पिशवीत न्या. आत सासूबाईंनाही सोबत जाऊ द्या, रात्रीची खरी हकीकत त्यांनाच माहीत असते.